केबल दुरुस्त करण्यात आली

सरांना घरात, गल्लीत आणि बँकेच्या रांगेतही सरच म्हणत. बावीस वर्षं ते तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते. त्यांनी लिहिलेली निळ्या कव्हराची 'प्रात्यक्षिक मार्गदर्शिका' मुलं परीक्षेच्या आधी घोकून पाठ करत. तिच्यात उत्तम सोल्डर-जोडाची सात लक्षणं दिलेली होती. ती कुठून उतरवली ते आता सरांनाही आठवत नव्हतं. स्वतः त्यांनी सोल्डरिंग आयर्न शेवटचं हातात धरलं होतं ते पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला, आणि तेव्हाही त्यांचा जोड शेजारच्या टेबलावरच्या मुलाने करून दिला होता. नोकरी लागल्यावर तो प्रश्नच मिटला. प्रयोगशाळेत लॅबवाले काका होते. सर फळ्यावर जोड काढत, काका टेबलावर करत आणि मुलं जर्नलमध्ये रंगीत पेनांनी उतरवत. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

तर अशा सरांच्या घरी एका रविवारी सकाळी कॉम्प्युटरचा पडदा कावीळ झाल्यासारखा पिवळा पडला.

एरवी सर एवढे हबकले नसते. पण त्याच गुरुवारी त्यांना ऑनलाइन व्याख्यान द्यायचं होतं. वीस संस्थांमधले शिक्षक ऐकायला बसणार होते आणि विषय सरांनीच मोठ्या हौसेने निवडला होता: 'दुरुस्तीची संस्कृती'. बिघडलं की फेकून द्यायची आपल्याला वाईट खोड लागली आहे, हाताने काम करायची लाज वाटू लागली आहे, वगैरे वगैरे. चौदा पानांचा मजकूर तयार होता. तो आता पिवळ्या पडद्यावर पिवळा दिसत होता.

सरांनी आधी सेटिंग बघितली. मग मॉनिटरची बटणं दाबली. त्यामुळे पडद्याची भाषा बदलून अशी झाली की ती परत आणायला पाऊण तास गेला. मग त्यांनी एक प्रोग्राम काढून टाकला आणि तोच पुन्हा घातला. जेवणाची वेळ झाली तेव्हा त्यांनी बायकोला सांगितलं की बिघाड बहुधा फार खोलवरचा आहे.

खिडकीपाशी काळा चष्मा लावून सासूबाई बसल्या होत्या. सहा आठवड्यांपूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि तेव्हापासून त्या लेकीकडे राहायला होत्या. त्या म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्या खुर्चीचं चाक वायरवर आहे."

सरांनी मान हलवली. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा मान ठेवून जशी हलवतात तशी. आणि ते पुन्हा पडद्यात डोकं घालून बसले. दोन तासांनी पेन खाली पडलं म्हणून ते वाकले, तेव्हा त्यांना दिसलं की त्यांची चाकांची ऐसपैस खुर्ची मॉनिटरच्या केबलवर उभी आहे आणि केबल त्या जागी चपटी झाली आहे. त्यांनी बायकोला हाक मारून शोध जाहीर केला. निळ्या रंगाची तार तुटली असणार, निळा गेला की पांढऱ्याचा पिवळा होतो, हे त्यांनी तिला आकृती काढून समजावलं. निदान अगदी बरोबर होतं. पुस्तकी बाजूला सर कधीच कच्चे नव्हते.

बायको दातांच्या दवाखान्यात पेशंटना वेळा द्यायचं काम करायची, त्यामुळे ज्याचं दुखतं त्याच्याशी कमी शब्दांत बोलायची तिला सवय होती. ती म्हणाली, नवी केबल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, मी जाऊन आणते. सर तिच्याकडे बघतच राहिले. गुरुवारी दुरुस्तीच्या संस्कृतीवर बोलणारा माणूस रविवारी नवी केबल विकत आणेल? त्यापेक्षा हीच केबल ते स्वतः जोडतील, तिचा फोटो काढतील आणि व्याख्यानात दाखवतील. संकट म्हणजे संधी असते, असं ते म्हणाले. बायकोने पान वाढलं.

इथे सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्या टेलिफोन बनवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं होत्या. एकोणिसाव्या वर्षी लागल्या. वीस वर्षं लाइनवर बसून सोल्डरिंग केलं आणि पुढची अकरा वर्षं दुसऱ्यांनी केलेलं तपासलं. त्यांनी लाल चिकटपट्टी लावली की तो टेलिफोन परत जायचा, मग मागे साहेब उभा असो की साहेबाचा साहेब. ही गोष्ट सरांना ठाऊक नव्हती असं नाही. लग्नाच्या वेळीच त्यांना सांगितली होती. चार लोकांत ते "आमच्या सासूबाई इंडस्ट्रीत होत्या" असं म्हणतही असत. पण ठाऊक असणं वेगळं आणि डोक्यात शिरणं वेगळं. सोल्डरिंग हा सरांच्या मते विषय होता आणि सासूबाई करायच्या ते काम होतं.

संध्याकाळी सरांनी सामान आणलं. दुकानदाराने कोणतं आयर्न हवं विचारलं तेव्हा त्यांनी चांगलं द्या म्हणून सांगितलं. त्याने भांड्याचं बूड जोडता येईल असं जाडजूड आयर्न दिलं. सोबत सोल्डरच्या तारेचं रीळ, राळेची डबी, चिकटपट्टी आणि तापवली की तारेवर आवळून बसणाऱ्या काळ्या नळ्यांचं पाकीट. सरांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, बाह्या सरसावल्या आणि स्वयंपाकघरातल्या कात्रीने केबल चपट्या जागी मधोमध कापली.

आत तीन तारा असतील असं त्यांनी धरलं होतं. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात तीनच असतात, लाल, हिरवी आणि निळी. इथे आधी चंदेरी कागद निघाला, मग केसांसारखी बारीक जाळी, मग त्या तिघी. आणि त्या तिघींनाही प्रत्येकी आपापली वेगळी जाळी. शिवाय करड्या, तपकिरी, काळ्या, पांढऱ्या अशा आणखी बऱ्याच, दोऱ्याएवढ्या. कापायच्या आधी कुठली कुठे होती याची खूण सरांनी केली नव्हती. रंग असतातच की, असं ते मनाशी म्हणाले आणि तारांची साल काढायला लागले. कात्रीने साल निघताना तारही निघे. शेवटी त्यांनी दातांचा उपयोग केला. 'प्रात्यक्षिक मार्गदर्शिके'च्या चौथ्या पानावर या गोष्टीला सक्त मनाई आहे.

सासूबाई चष्मा कपाळावर सरकवून बघत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. कारखान्यात त्या एक शिकल्या होत्या. शिकलेल्या माणसाला न विचारता सांगितलं तर तो ऐकत नाही, आणि पुढे आपलं खरं ठरलं तर त्याचा राग मात्र आपल्यावर काढतो. म्हणून त्या लेकीला शेंगा सोलून देत बसल्या.

पहिल्या प्रयत्नात त्या दणकट आयर्नने लाल तारेचं आवरण वितळलं आणि आतली तार बाहेरच्या जाळीला चिकटून दोन्ही एकजीव झाल्या. टेबलाच्या प्लॅस्टिकच्या कापडाला एक भोक पडलं आणि सरांच्या अंगठ्याला फोड आला. तरी अकरा जोड झाले. एकेक जोड वाटाण्याएवढा. सर पाठ ताठ करून कामाकडे समाधानाने बघत होते, तेवढ्यात त्यांची नजर काळ्या नळ्यांच्या पाकिटावर गेली. पाकीट न फोडता तसंच पडलेलं होतं. त्या नळ्या जोडाच्या आधी तारेत ओवायच्या असतात. नंतर त्या कुठूनच आत जात नाहीत. मग त्यांनी चिकटपट्टी गुंडाळून टाकली आणि केबल लावली.

पडदा आता पिवळा नव्हता. काळा होता.

सोमवारी कॉलेजातून आल्यावर त्यांनी सगळं पुन्हा कापलं. या खेपेला नळ्या आधी ओवल्या, पण आयर्नच्या धगीने त्या जागच्या जागीच आवळल्या आणि जोडापर्यंत पोचल्याच नाहीत. पडदा उजळला, पण हिरवा, शेवाळलेल्या टाकीसारखा, आणि प्रत्येक अक्षराला शेपूट. केबल एव्हाना वीतभर तोकडी झाली होती. मॉनिटर टेबलाच्या काठापर्यंत ओढून घ्यावा लागला. सर म्हणाले, हल्ली माल फार हलका येतो. बायको म्हणाली, ही केबल बारा वर्षांपूर्वीची आहे.

तेव्हा सासूबाईंनी पहिल्यांदा हात पुढे केला. "द्या इकडे. बघते जरा."

सर दचकलेच. त्यांनी डोळ्यांचं ऑपरेशन, राळेचा धूर, वय, डॉक्टरांच्या सूचना असं सगळं एका दमात सांगितलं आणि आयर्न उचलून कपाटावर ठेवून दिलं, लहान मुलाचा हात पोचू नये तसं. घरात लहान मूल नव्हतं.

मंगळवारी सर कॉलेजात गेले. बायकोची दुपारपर्यंत सुट्टी होती. सासूबाईंनी तिला कोपऱ्यावरून बारीक टोकाचं छोटं आयर्न आणायला पाठवलं, पंखा बाजूने लावून घेतला, म्हणजे धूर डोळ्यांकडे येणार नाही, आणि कागदावर एक गोल काढला. कापलेल्या दोन्ही बाजूंच्या तारा त्यांनी त्या गोलात एकेक करून नोंदल्या. नवं भिंग डोळ्यात बसल्यापासून त्यांना वीस वर्षांत दिसलं नव्हतं इतकं बारीक दिसत होतं. लेकीला फक्त कपड्यांचे चिमटे धरायला बसवलं. बावन्न मिनिटं लागली. पूर्वी याच्या निम्म्या वेळात झालं असतं, असं त्या हळहळून म्हणाल्या.

संध्याकाळी सर घरी आले तेव्हा पडदा पांढराशुभ्र होता. केबलवर एक लहानसा काळा फुगवटा होता, सापाने उंदीर गिळल्यावर दिसतो तेवढा, बाकी काही कळत नव्हतं. सर बराच वेळ तो बोटांनी चाचपत राहिले. "कोणी केलं?" असं त्यांनी विचारलं नाही. घरात तिघंच जण राहत होते आणि त्यातले एक ते स्वतः होते. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे निळीच तार होती. माझं निदान बरोबर निघालं." मग त्यांनी चांगल्या उजेडात फुगवट्याचे चार फोटो काढले.

गुरुवारचं व्याख्यान रंगलं. सर बोलायचे छान. तेविसाव्या मिनिटाला त्यांनी केबलचा फोटो पडद्यावर आणला आणि म्हणाले, "नुकतीच आमच्या घरी मॉनिटरची केबल तुटली. ती फेकून देण्यात आली नाही. तारांची नोंद करण्यात आली, योग्य तापमान राखण्यात आलं आणि केबल दुरुस्त करण्यात आली." एकही शब्द खोटा नव्हता. फक्त वाक्यांत कर्ता नव्हता, आणि वीस संस्थांमधल्या शिक्षकांनी तो आपापल्या मनाने भरून घेतला. बरेच अंगठे वर आले. एका बाईंनी लिहिलं, सर, तुमच्या हातांना नमस्कार.

आतल्या खोलीत मायलेकी ऐकत होत्या. बायको उठून बाहेर जायला निघाली, तशी सासूबाईंनी तिच्या मनगटाला धरून तिला खाली बसवलं.

शुक्रवारी प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं. प्राचार्य उत्साही गृहस्थ होते. कुठलीही गोष्ट ऐकली की तिचं उद्घाटन करावंसं त्यांना वाटे. त्यांनी सांगितलं की व्याख्यान ऐकून ते भारावून गेले आहेत, पुढच्या शुक्रवारी कॉलेजात 'दुरुस्ती कक्ष' सुरू होतोय, संचालनालयातून पाहुणे येतायत आणि मुलांसमोर सर स्वतःच्या हाताने एक तुटलेली केबल जोडून दाखवणार आहेत. निमंत्रणं गेलीसुद्धा. सरांनी लॅबवाल्या काकांचं नाव पुढे करून बघितलं. काका त्या आठवड्यात पुतणीच्या लग्नाला चालले होते. खरोखरच चालले होते की सरांच्या व्याख्यानाची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती, कोण जाणे.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. सरांनी त्या दिवशी घरी येऊन चहासुद्धा घेतला नाही. शनिवारी त्यांनी एकट्याने दार लावून दोन तारा जोडून बघितल्या आणि उचलल्याबरोबर त्या वेगळ्या झाल्या. रविवारी दुपारी बायको मैत्रिणीकडे गेली होती. सासूबाई खिडकीपाशी होत्या. सर खुर्ची घेऊन त्यांच्यासमोर येऊन बसले. हवापाणी झालं, डोळ्याची चौकशी झाली. मग ते खाली बघून म्हणाले, "आई, मला शिकवाल?"

सासूबाईंनी चष्मा काढला.

"केबल दुरुस्त करण्यात आली, म्हणालात तुम्ही. ऐकलं मी. व्याकरण चांगलं आहे तुमचं."

सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सासूबाई मात्र रागावलेल्या दिसत नव्हत्या. तारखा सांगाव्या तशा त्या सांगत गेल्या. कारखान्यात एक इंजिनियर होते, सज्जन, आवाज कधी चढवला नाही त्यांनी. लाइनवरच्या बायकांना एका हाताने तारा धरून दुसऱ्याने जोड द्यावा लागे आणि बोटं भाजत. सासूबाईंनी घरून कपड्यांचे चिमटे नेले, एका फळीवर ठोकले आणि तारा त्यांत अडकवायला सुरुवात केली. आठ दिवसांत सगळी लाइन तसं करायला लागली आणि काम दीडपट झालं. इंजिनियर आले, बघून गेले आणि सहा महिन्यांनी त्यांना बक्षीस मिळालं. कारखान्याच्या मासिकात फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'पद्धतीत सुधारणा करण्यात आली.'

"तुम्ही काही बोलला नाहीत?" सरांनी विचारलं.

"बोलले ना. अभिनंदन केलं त्यांचं. काय करणार?" सासूबाई म्हणाल्या. "तुमच्यासारखेच होते ते. चांगले होते."

आणि त्या उठून आयर्न तापत ठेवायला गेल्या. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, असं सरांना त्या घडीला वाटलं.

त्या दुपारपासून पाच दिवस सर कॉलेजातून आले की जेवणाच्या टेबलाशी बसत. केबल त्यांना मिळालीच नाही. जुन्या रेडिओची एक रिकामी पट्टी आणि तारांचे तुकडे, एवढ्यावर शंभर जोड रोज करायचे. सासूबाई लाइनवरच्या नव्या मुलींना शिकवत तसंच शिकवत होत्या. "जावईबापू" आणि "तुम्ही" सुटलं नाही, बाकी सगळं सुटलं. आधी तार तापवा, सोल्डर नव्हे, सोल्डर आपणहून धावत येतं. टोक पुसा. पुन्हा पुसा. श्वास धरू नका, सोडताना टेकवा. जोड झाला की त्या चिमट्याने ओढून बघत. "हा थंड आहे." वरून चिकटलेला दिसतो, आतून धरलेला नसतो, त्याला त्या थंड म्हणत. "हा गोळा झालाय. हा जळका. हा थंड. हाही थंड." पहिल्या दिवशी शंभरात एक टिकला आणि तो कसा टिकला हे सरांना सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर चिडले. चमक, आकार, प्रमाण सगळं पुस्तकाप्रमाणे आहे, मग चूक कुठे आहे ते शास्त्रीय भाषेत सांगा, असं ते म्हणाले. सासूबाईंनी शांतपणे तो जोड चिमट्याने ओढला. तो निघून आला. त्यांनी तो सरांच्या तळहातावर ठेवला आणि त्या पुढच्या जोडाकडे वळल्या. पुराणातली वांगी पुराणात, असं बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. पण एवढ्या हळू, की ते सरांना ऐकू जावं असं तिला वाटत होतं की नव्हतं, याचा अंदाज येऊ नये.

गुरुवारी शंभरातले बेचाळीस टिकले. सर मनातल्या मनात फुलून आले. कारखान्यात बेचाळीसवाल्या मुलीला काय करायचे, असं त्यांनी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, डबे भरायच्या विभागात पाठवायचे.

शुक्रवारी प्रयोगशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. साठ मुलं, आठ शिक्षक, हार घातलेलं कपाट आणि संचालनालयातले पाहुणे, जे दर दोन मिनिटांनी मोबाइल बघत होते. बायको दवाखान्यातून सुटी घेऊन आली होती आणि तिसऱ्या रांगेत आईला घेऊन बसली होती. सरांच्या कॉलरला माइक लावला होता. त्यांनी कात्री बाजूला ठेवून व्यवस्थित पातं घेतलं, कागदावर गोल काढला, तारा नोंदल्या, नळ्या आधी ओवल्या. तेरा जोड झाले. नळ्या आवळायच्या आधी चाचणी घ्यायची म्हणून त्यांनी केबल तशीच उघडी मॉनिटरला लावली. पडदा पांढरा झाला. टाळ्या पडल्या.

पाहुण्यांनी मोबाइल खिशात टाकला. "वा, सर. हात चांगलाच बसलाय. किती वर्षांची साधना?"

"बावीस," सर म्हणाले.

तोंडून गेलं. बावीस वर्षं कोणी काहीही विचारलं की ते हाच आकडा सांगत, तो आपोआप आला. पण आला, आणि त्यांनी तो मागे घेतला नाही.

तिसऱ्या रांगेत सासूबाई उठल्या. लेकीला वाटलं, आईला बरं वाटत नाही. खरं सांगायचं तर जावयाची फजिती करावी असं सासूबाईंच्या मनातही नव्हतं. "बावीस" त्यांनी ऐकलं की नाही, तेही त्यांनी पुढे कधी सांगितलं नाही. त्यांना तिथून हिरव्या तारेचा जोड दिसत होता, आणि अकरा वर्षं तपासनीस असलेल्या बाईला तो तसाच पुढे जाऊ देणं जमेना. त्या टेबलापाशी आल्या, चिमटा उचलला आणि एकेक तार ओढून बघितली. हिरवी हातात आली. पडदा गुलाबी झाला.

"हा थंड होता," त्या सरांना अगदी हळू म्हणाल्या. सरांच्या कॉलरवरच्या माइकने ते शेवटच्या बाकापर्यंत पोचवलं.

प्राचार्य उभे राहिले आणि पुन्हा बसले. सर टेबलाला धरून उभे होते. खरं बोलायचं धैर्य त्यांना त्या क्षणी आलं, असं म्हणणं जरा जास्त होईल. खोटं काय बोलावं ते सुचेना, एवढंच. ते म्हणाले, "या माझ्या सासूबाई. घरची केबल यांनी जोडली. मी दोनदा बिघडवली. मला पाच दिवस यांनी शिकवलं आणि अजून मला येत नाही."

एवढं बोलून त्यांनी स्टूल पुढे ओढलं आणि सासूबाई बसल्या. त्यांनी टोक पुसलं, हिरवी तार तापवली, सोल्डर टेकवलं आणि उचललं. बघणाऱ्यांना आत्ता झालं की व्हायचंय ते कळलं नाही. बाकं रिकामी झाली. मुलं टेबलाभोवती गोळा झाली, पाहुणेही टाचा उंचावून बघायला लागले. एका मुलीने विचारलं, एवढ्या लांबून तुम्हाला जोड थंड आहे हे कसं कळलं.

"चमक नव्हती," सासूबाई म्हणाल्या. "आणि तो करताना तुमच्या सरांनी श्वास धरला होता."

मुलं हसली. सर हसले की नाही ते कोणी बघितलं नाही, कारण त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं. ते मोबाइलचा उजेड सासूबाईंच्या हातावर धरून उभे होते.

उद्घाटन ठरल्यापेक्षा दीड तास लांबलं. प्राचार्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की सासूबाईंना दुरुस्ती कक्षात आठवड्यातून एकदा शिकवायला नेमायचं. पाहुण्यांनी जोरात मान डोलावली आणि रीतसर प्रस्ताव पाठवा म्हणाले. सरांनी प्रस्ताव स्वतः लिहिला. एकतीस वर्षांचा अनुभव, दोन विभाग, तपासलेल्या जोडांची अंदाजे संख्या लाखांत. हे सगळं त्यांनी नीट वाक्यांत, कोणी काय केलं ते सांगून लिहिलं. सात आठवड्यांनी त्याच पाहुण्यांच्या सहीचं उत्तर आलं. उमेदवाराकडे आवश्यक पदवी नाही, वयोमर्यादा उलटली आहे, सबब नेमणूक करता येत नाही. सोल्डरिंग शिकवायला पात्र अशा प्राध्यापकांच्या यादीचं पान सोबत जोडलं होतं. त्यावर पहिलं नाव सरांचं होतं.

सर ते पत्र घेऊन घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. असल्या नियमांना अर्थ काय, वरपर्यंत लिहितो, असं ते बोलत राहिले. सासूबाईंनी पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं आणि विचारलं की कॉलेजात बाहेरच्या माणसाला भेटायला यायला बंदी आहे का.

बंदी नव्हती. बुधवारी दुपारी त्या पिशवी घेऊन कॉलेजच्या फाटकाशी गेल्या. पिशवीत बारीक टोकाचं आयर्न, चिमटा आणि कपड्यांच्या चिमट्यांची फळी होती. पहारेकऱ्याने वही उघडली. कोणाला भेटायचंय, त्याने विचारलं. जावयाला. काम काय? सासूबाईंनी वहीत डोकावून बघितलं.

"लिहा, घरगुती."

वर गेल्या तेव्हा मुलं आधीच जमलेली होती. कोणी तुटका चार्जर आणला होता, कोणी हेडफोन, एकाने तर घरच्या मिक्सरची वायर उपटून आणली होती. लॅबवाले काकाही एका कोपऱ्यात बसले होते. शेवटच्या बाकावर सर होते. त्यांच्यासमोर टीव्हीच्या रिमोटचं पोट उघडं पडलं होतं. खाली प्राचार्य जिन्यापाशी आले, वर नजर टाकली आणि उद्घाटन करण्यासारखं काही दिसत नाही म्हणून माघारी गेले.

सासूबाई बाकांमधून फिरत शेवटपर्यंत आल्या. त्यांनी रिमोट उचलून उजेडाकडे धरला आणि चिमटा लावला. सर श्वास सोडायला विसरले होते.

"परत करा," त्या म्हणाल्या आणि पुढच्या मुलीकडे वळल्या.